पाच रुपयांची बैलजोडी

८ सप्टेंबर २०२२ ला इंग्लंडची राणी एलिझाबेथ वारली. गादीवर कोण बसणार हा प्रश्नच नव्हता, ते सत्तर वर्षांपूर्वीच ठरलं होतं. लोकांना पडलेला प्रश्न भलताच होता : राणीच्या कुत्र्यांचं काय होणार?

हसू नका. पेपरांनी तो प्रश्न अगदी गंभीरपणे छापला होता. शेवटी उत्तरही मिळालं. मिक आणि सँडी ही दोन कॉर्गी कुत्री राणीचा मुलगा अँड्र्यू आणि त्याची घटस्फोटित बायको सारा फर्ग्युसन यांच्याकडे गेली. अंत्ययात्रा विंडसरला पोचली तेव्हा ही दोघं दाराशी बसली होती आणि राणीची एम्मा नावाची घोडी रस्त्याच्या कडेला उभी होती. सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिलं आणि अनेकांचे डोळे तिथेच पाणावले.

इंग्रजांना ही सवय जुनीच आहे. १९१० मध्ये सातवा एडवर्ड गेला तेव्हा त्याचा सीझर नावाचा फॉक्स टेरियर शवपेटीच्या मागोमाग चालला होता. युरोपभरचे नऊ राजे त्या अंत्ययात्रेत होते, पण कुत्र्याच्या मागे! त्यात जर्मनीचा कैसरही होता. म्हणजे सीझर पुढे आणि कैसर मागे. त्याला काय वाटलं असेल ते जाऊ द्या :)

तर वीकएंडचा विषय हा. राजा मेल्यावर त्याच्या जनावरांचं काय होतं? आणि इंग्लंडचं पुरे झालं, आपल्याकडे काय झालं?

आपल्याकडे हा प्रश्न निघाला की पहिलं नाव येतं वाघ्याचं. रायगडावर शिवरायांच्या समाधीशेजारी त्याचा पुतळा उभारला गेला १९३६ मध्ये, इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या देणगीतून. महाराजांच्या चितेत या इमानी कुत्र्यानं उडी घेतली अशी कथा. १६८० च्या आसपासच्या कागदांत या कथेला पुरावा मिळत नाही, आणि त्यावरूनच भांडण आहे. २०१२ मध्ये पुतळा उखडला गेला, परत बसवला गेला. २०२५ मध्ये तो हटवावा अशी मागणी पुन्हा झाली. त्या वादात आपण पडायला नको. आपल्या विषयापुरतं एवढंच टिपून ठेवू, की राजाच्या मरणाची गोष्ट लोकांना जनावराशिवाय पुरी वाटत नाही. कागदात नसलं तरी ते आणून बसवतात.

दुसरं नाव खंड्याचं, आणि ते जास्त भक्कम आहे. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांचा हा कुत्रा. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला. महाराजांनी काय करावं? कुत्र्याच्या नावानं जहागिरीची सनद काढली आणि त्याला पालखीचा मान दिला. ही गोष्ट साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफनं आपल्या मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) लिहून ठेवली आहे. पालखीचा सगळा लवाजमाही ठेवला होता म्हणे. त्या काळी पालखी म्हणजे सरकारी लाल दिव्याची गाडी. भल्याभल्या सरदारांची हयात जायची ती मिळवण्यात.

डफनं आणखी एक किस्सा दिलाय. काही सरदार भपकेबाज कपडे करून दरबारात यायचे होते. महाराज साध्या वेषात बसले आणि कुत्र्याला जरीचे कपडे, दागिने घालून आपली पगडीही त्याच्या डोक्यावर ठेवली! सरदारांना काय समजायचं ते समजलं असणार. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी शाहू महाराजांची समाधी आहे, आणि तिथेच खंड्याचीही दाखवतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, पुढे लागणार आहे. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू महाराज वारले तेव्हा त्यांना मुलगा नव्हता. दत्तक म्हणून रामराजा आला. खरंखोटं, भांडणं, कारस्थानं पुष्कळ झाली, पण गादी राहिली. दत्तक मंजूर की नामंजूर हे ठरवायला बाहेरचा कुणी वर बसलेला नव्हता. त्यामुळे पागेतली घोडी पागेत राहिली आणि हत्ती पीलखान्यात राहिले. मालक बदलला, पण दावण तीच.

आता एकशे चार वर्षं पुढे आणि साताऱ्याहून थेट नागपूरला येऊ. कारण या विषयातली खरी गोष्ट तिथली आहे. ती ना कुत्र्याची आहे, ना इमानाची. ती आहे हिशोबाची.

*

मी मूळचा अड्याळचा. भंडाऱ्याहून पवनीला निघालात की वाटेत लागतं ते. पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं की ते विचारतात, "म्हणजे नक्की कुठे?" मग नागपूरपासून सुरुवात करावी लागते. एका अर्थी ते बरोबरच आहे, कारण दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी अड्याळचीही सगळी सुरुवात नागपूरपासूनच व्हायची. आमचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. झाडीपट्टीतला धान पिकायचा इथे आणि त्याचा वसूल जायचा नागपूरला. भोसल्यांच्या हत्तीनं खाल्लेल्या प्रत्येक घासात वैनगंगेच्या खोऱ्यातल्या कुणाचा तरी वाटा होता, असं म्हटलं तर फार चूक नाही.

११ डिसेंबर १८५३ ला नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले वारले. त्यांनाही मुलगा नव्हता. नात्यातला यशवंतराव अहिरराव हा मुलगा राण्यांनी आणि घराण्यानं वारस मानला होता. पण आता वर बसलेला कुणीतरी होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी. त्याच्याकडे एक तयार नियम होता : औरस वारस नसेल तर संस्थान खालसा. १८४८ मध्ये सातारा याच नियमानं गेलं होतं. त्याच्या कौन्सिलमधल्या कर्नल लो यांनी नागपूर घेण्याला विरोध नोंदवला, तो नोंदीतच राहिला. मार्च १८५४ पर्यंत नागपूरचं राज्य कंपनीचं झालं.

इथपर्यंतचं आपण शाळेत शिकलोय. "डलहौसीने कोणकोणती संस्थाने खालसा केली?" पाच मार्कांचा प्रश्न. सातारा, झाशी, नागपूर लिहिलं की संपलं. पण खालसा म्हणजे त्या दिवशी सकाळी नेमकं काय झालं, हे कुणी सांगत नाही. राज्य म्हणजे काही नकाशावरचा रंग नव्हे. राज्य म्हणजे कोठारं, कपाटं, कागद, तोफा, आणि दावणीला बांधलेली शेकडो जनावरं, ज्यांना संध्याकाळी वैरण लागते. राजा मेला, राज्य गेलं, तरी हत्तीला भूक लागतेच.

मराठी राज्यात ही जनावरं म्हणजे वेगवेगळी खातीच होती. घोड्यांची पागा, हत्तींचा पीलखाना, उंटांचा उष्ट्रखाना, शिकारी जनावरांचा शिकारखाना. प्रत्येकाला दारोगे, कारकून, महूत, मोतद्दार, वैरणवाले. आजच्या भाषेत एकेक डिपार्टमेंट, आपापल्या बजेटसकट.

आणि इथे खरा पेच होता. ही जनावरं राज्याची की राजाची? सरकारी की खासगी? राज्य खालसा केलं तर राज्याची मालमत्ता कंपनीची, हे एकवेळ समजू. पण राजाच्या बायकांचं, आजीचं, घरचं जे आहे ते? राजाच्या बाबतीत ही रेघ कधी कुणी नीट आखलेलीच नव्हती, कारण आखायची गरजच नव्हती. राजा होता तोवर दोन्ही एकच. कंपनीनं ती रेघ आखली, आणि आखली ती अशी, की जवळजवळ सगळंच तिच्या हातात आलं. ही मालमत्ता विकून पैसा राजघराण्याच्या पालनपोषणासाठी एका फंडात ठेवायचा असं ठरलं. त्याला नावही दिलं, भोसला फंड. म्हणजे तुमच्याच घरातलं विकायचं आणि तुम्हालाच पोसायचं, पण विकणार आम्ही आणि भावही आम्हीच घेऊ तो.

*

१८५४ च्या सप्टेंबरात, ४ तारखेला, नागपुरात सीताबर्डीला लिलाव सुरू झाला. बैल, घोडे, उंट, हत्ती.

सीताबर्डी म्हणजे तीच, जिथे आज मेट्रो बदलायला उतरतात आणि दिवाळीच्या खरेदीला पाय ठेवायला जागा नसते. तीच, जिथे नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. सदतीस वर्षांनी त्याच टेकडीच्या परिसरात भोसल्यांची जनावरं विक्रीला उभी राहिली.

या लिलावाची हकीकत आपल्याला कळते ती मुख्यतः जॉन केय या इंग्रज लेखकामुळे. शिपायांच्या बंडाचा मोठा इतिहास त्यानं लिहिला, त्याचा पहिला भाग १८६४ चा. केय हा काही बंडखोर नव्हता, पक्का सरकारी माणूस. तरीही नागपूरच्या लिलावावर लिहिताना त्याची लेखणी कडवट होते. राजाचे हत्ती-घोडे-बैल मेलेल्या जनावराच्या भावात गेले, अशा अर्थाचं तो लिहितो. आणि तळटीपेत आकडे देतो.

आकडे असे : पाचशे ते सहाशे हत्ती, उंट, घोडे आणि बैल मिळून विक्री झाली १,३०० पौंडांची.

आकडे दिसले की माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. तेव्हा एका पौंडाचे साधारण दहा रुपये. म्हणजे १३,००० रुपये. पाचशे जनावरं धरली तर सरासरी २६ रुपये, सहाशे धरली तर साडेएकवीसच्या आसपास. हत्तीसकट सरासरी! चांगल्या हत्तीला एकट्याला तेव्हा शेकड्यांनी रुपये पडत. म्हणजे एकतर हत्ती मातीमोल गेले, नाहीतर बाकीची जनावरं जवळजवळ फुकट.

ते "जवळजवळ फुकट" किती, हेही माहीत आहे. लिलाव चालू असतानाच राण्यांनी कमिशनरकडे निषेध नोंदवला आणि गव्हर्नर जनरलकडे अर्ज केला. वाड्यात ज्याला कुणाला इंग्रजी येत होतं त्याच्याकडून लिहून घेतलेला, मोडक्यातोडक्या इंग्रजीतला अर्ज. त्यात त्यांनी उदाहरण म्हणून एकच भाव दिला आहे. गाडीच्या बैलांची एक जोडी, किंमत शंभर रुपये, ती लिलावात गेली पाच रुपयांना.

या अर्जाशी मी बराच वेळ अडकून बसलो. राजघराण्यातल्या बायका तक्रार लिहितायत. समोर हत्ती विकले जातायत, ज्यांच्यावर अंबारी चढवून दसऱ्याला राजा निघायचा. घोडे विकले जातायत. आणि त्यांनी उदाहरण निवडलं बैलजोडीचं. का?

मला वाटतं, कारण बैलजोडीचा भाव प्रत्येकाला माहीत असतो. हत्तीची किंमत किती, यावर वाद घालता येतो. म्हातारा होता, मस्तवाल होता, पायात दोष होता, गिऱ्हाईकच नव्हतं... साहेबाला पटवून देता येतं. बैलजोडीचं तसं नाही. नागपूरच्या गाडीवानाला, अड्याळच्या धान पिकवणाऱ्याला, कंपनीच्या कारकुनालासुद्धा जोडी केवढ्याला पडते हे ठाऊक होतं. शंभराची जोडी पाचला गेली, हे सांगितलं की पुढे काही सांगावं लागत नाही. शंभराला पाच. म्हणजे ९५ टक्के डिस्काउंट. एवढा सेल तर आपल्याकडे ऑनलाइनवालेही लावत नाहीत, आणि लावला तर आपण आधी विचारतो, माल चोरीचा तर नाही ना?

त्यात हे गाडीचे बैल. नांगराचे नव्हेत, हलक्या छकड्याला, रेंगीला जुंपायचे, पळणारे. या मुलखात गवळाऊ नावाची बैलांची जात आहे. पांढरी, अंगानं सडसडीत, चालीला वेगवान. मराठी फौजेचं सामान डोंगराळ गोंडवनातून भराभर न्यायला ही जात जोपासली गेली असं सांगतात. आमच्याकडे शंकरपटाला जोड्या धावतात तेव्हा माणसं कशी वेडी होतात हे ज्यानं बघितलंय, त्याला पळणाऱ्या जोडीची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

आता तारीख बघा. पंचांगाचं गणित मागे नेलं तर १८५४ मध्ये श्रावणी अमावास्या येते ऑगस्टच्या २३ तारखेच्या सुमारास. म्हणजे पोळा होऊन दोन आठवडेही उलटले नव्हते. याच बैलांच्या शिंगांना बेगड लागलं असेल, अंगावर झूल पडली असेल, पुरणपोळीचा घास भरवला गेला असेल. आणि नागपूरचा पोळा म्हणजे साधा पोळा नव्हे. दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन निघतात तो तान्हा पोळा नागपुरात दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केला असं मानलं जातं. ज्या घराण्यानं पोरांच्या हातात बैल दिला, त्याच घराण्याचे बैल पोळ्यानंतर बाजारात उभे.

*

भाव इतके का पडले, याची माझ्यातला इंजिनिअर तीनचार कारणं देतो.

एक, पुरवठा. पाचशे-सहाशे जनावरं एकदम बाजारात ओतली तर भाव पडणारच. २००१ च्या सुमारास अमेरिकेत डॉटकॉम कंपन्या धडाधड बंद पडल्या तेव्हा हजारहजार डॉलरच्या खुर्च्या लिलावात पाणी भावानं गेल्या होत्या, तसंच.

दोन, खर्च. एका हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. विकणाऱ्याच्या दृष्टीनं प्रत्येक न विकलेला हत्ती म्हणजे रोजचं बिल.

तीन, मोसम. भाद्रपदात रोवणी उरकलेली असते आणि धान निघायला अजून वेळ असतो. शेतकऱ्याला नव्या जोडीची घाई नसते, आणि मुख्य म्हणजे हातात रोकड नसते. ती येते धान विकल्यावर, दिवाळीनंतर. म्हणजे ज्याला या बैलांची खरी किंमत होती, तो लिलावात बोली लावूच शकत नव्हता. बोली लावणार कोण? ज्याच्या कमरेला तेव्हा पैसा होता तो, म्हणजे जनावरांचा व्यापारी. दोन महिने थांबले असते तर चित्र वेगळं दिसलं असतं.

पण या तिन्ही कारणांनी भाव निम्मा होईल, पाव होईल. शंभराचे पाच होणार नाहीत. त्यासाठी चौथं कारण लागतं : विकणाऱ्याला किंमत मिळवायचीच नसते, फक्त यादी रिकामी करायची असते. आपल्याकडे एखादी कंपनी दुसरी विकत घेते तेव्हा हे दिसतं. नव्या मालकाच्या दृष्टीनं जुन्या ऑफिसातला प्रत्येक कपाट, प्रत्येक टेबल ही एक ओळ असते, आणि त्या ओळीसमोर "निकाली" लिहिलं की काम झालं. तिथे कुणाच्या टेबलावर काय कोरलेलं होतं, हे यादीत नसतं.

सीताबर्डीच्या हिशोबातही तेच नाही. पाचशे ते सहाशे जनावरं. एकाचंही नाव नाही. घरचा बैल बिननावाचा नसतो, मग राजाचा हत्ती कसा असेल? हाक मारायला नावं असणारच. लिलावात त्यांचे आकडे झाले. आणि त्या जनावरांमागची माणसं तर आकड्यातही नाहीत. एकेका हत्तीमागे महूत, चारकरी. घोड्यामागे मोतद्दार. पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. राजा गेला तेव्हा त्यांचा धनी गेला, आणि लिलाव झाला तेव्हा धंदा गेला.

*

आता वाड्याच्या आत जाऊ. तिथे बाकाबाई होती. दुसऱ्या रघूजींची विधवा, वय ऐंशीच्या घरात. तिनं १८१६ मध्ये नवऱ्याचा मृत्यू बघितला, १८१७ चं युद्ध बघितलं, आप्पासाहेबाचं पदच्युत होणं बघितलं, तिसऱ्या रघूजींना लहानाचे मोठे होताना बघितलं आणि शेवटी त्यांचं मरणही. केय तिच्या शहाणपणाचं आणि संयमाचं कौतुक करतो. मुलूख खालसा झाला तेव्हा तिनं अर्जविनंत्या केल्या, वकील धाडले, सगळं रीतीनं केलं. पण जनावरं गेली आणि त्यापाठोपाठ वाड्यातलं सामानसुमान हलवायची वेळ आली तेव्हा ही बाई म्हणाली, सामानाला हात लावाल तर वाडा पेटवून देईन.

सामान हललंच. दागिनेही बरेचसे कलकत्त्याच्या बाजारात गेले. वाडा काही तिनं पेटवला नाही. १८५७ मध्ये सगळीकडे आग लागली तेव्हा बाकाबाईनं उलट आपल्या माणसांना आवरलं, नागपूरचं घराणं उठावापासून दूर राहिलं. १८५८ मध्ये ती वारली. इंग्रजांनी पुढे त्याच यशवंतरावाला, जानोजी हे नाव घेतलेल्याला, देऊरचा राजाबहादूर म्हणून मान्यता दिली. ज्याला वारस म्हणून नाकारलं होतं त्यालाच! पण राज्य परत मिळालं नाही, आणि पीलखाना तर रिकामाच झाला होता.

या सगळ्यावर केयनं एक निरीक्षण नोंदवलंय, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. तो म्हणतो की या जप्त्यांनी आणि लिलावांनी लोकांचं मन जेवढं कलुषित झालं, तेवढं राज्य घेण्यानंही झालं नव्हतं, असं त्यानं ऐकलंय. फक्त नागपुरात नाही, आसपासच्या मुलखातही.

पहिल्यांदा वाचताना हे विचित्र वाटतं. राज्य मोठं की बैल मोठे? पण जरा अड्याळला उभं राहून बघा. मार्च १८५४ मध्ये राज्य खालसा झालं म्हणजे अड्याळात काय बदललं? कलकत्त्याला कुणीतरी कागदावर सही केली. वसूल देत होते तो देतच राहिले, घेणाऱ्याचं नाव बदललं. १८१८ नंतर काही वर्षं या भागाचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांनीच चालवला होता, त्यामुळे साहेबाचं तोंडही नवीन नव्हतं. राज्य जाणं ही गोष्ट दिसत नाही. ती कळते उशिरा, आणि कळली तरी पोटात शिरत नाही.

पण समजा भाद्रपदात एखादा गाडीवान नागपूरहून भाड्याची खेप करून परत आला आणि पारावर टेकून म्हणाला, राजाची जोडी पाच रुपयाला गेली. बस. हे कुणालाही समजतं. घरातला कर्ता गेला आणि तेराव्यानंतर सावकारानं दावणीचे बैल सोडून नेले, हे दृश्य प्रत्येक गावानं बघितलेलं असतं. त्या दृश्याचा अर्थ एकच असतो : हे घर बसलं. आता या घरात कर्तं माणूस नाही, आणि गावात त्या घरासाठी उभं राहणारंही कुणी नाही. तोच अर्थ जेव्हा नागपूरच्या वाड्याला लागू झाला, तेव्हा लोकांना खालसा हा शब्द कळला.

म्हणून मला वाटतं, राजाच्या जनावरांचं काय होतं हा प्रश्न गमतीचा नाही. गादी पुढे चालू राहिली की नाही, याची ती सगळ्यात सोपी परीक्षा आहे. वारस असेल तर जनावर घरचं राहतं, त्याचं नाव टिकतं, क्वचित समाधीही होते. वारस नसेल, किंवा असून मानला गेला नाही, तर तेच जनावर माल होतं. सीझर, मिक, सँडी, खंड्या यांची नावं आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांच्या धन्यांचं घर उभं राहिलं. नागपूरच्या पाचशे जनावरांतल्या एकाचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही.

*

दोनच वर्षांनी, १८५६ मध्ये, अवध खालसा झालं. तिथे राजा मेला नव्हता, नबाब वाजिद अली शाह जिवंत होता. तरीही लखनौच्या राजवाड्याच्या हत्ती-घोड्यांचा लिलाव झाला. नबाब कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला जाऊन राहिला आणि त्या गड्यानं पेन्शनच्या पैशांतून तिथे नवा प्राणिसंग्रह उभा केला. वाघ, चित्ते, माकडं, हजारो पक्षी. राज्य नाही, फौज नाही, पण जनावरं आहेत! लोक त्याला उधळ्या म्हणायचे. मला मात्र त्यात हट्ट दिसतो. १८८७ मध्ये तो वारला, आणि त्या जनावरांचाही लिलाव झाला. एकाच माणसाची जनावरं दोनदा विकली गेली, एकदा राज्य गेल्यावर, एकदा जीव गेल्यावर.

आणि हे सगळं जुनं झालं असं कुणाला वाटत असेल तर जुलै २०२५ आठवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठाची हत्तीण, महादेवी ऊर्फ माधुरी. कोर्टाच्या आदेशानं तिला गुजरातेत वनताराला नेलं. तिच्या पायांचे आणि सांध्यांचे आजार, साखळदंड, एकटेपणा हे प्राणिमित्रांचे मुद्दे होते, आणि ते हसण्यावारी न्यावेत असे नव्हते. पण तिला नेताना गाव रस्त्यावर आलं, बायका रडल्या, दगडही पडले, हजारोंचे मोर्चे निघाले. नंतर तिच्यासाठी नांदणीच्याच परिसरात केंद्र उभारायची बोलणी करावी लागली. शहरातल्या माझ्या कित्येक मित्रांना हे कळेना. एका हत्तिणीसाठी इतकं? मला १८५४ चं सीताबर्डी आठवलं. कोण बरोबर हा वेगळा प्रश्न, आणि हत्तिणीच्या बाजूनं बघितलं तर त्याचं उत्तर गावाला आवडेलच असं नाही. पण "आमच्या दारातून हत्ती नेला" या वाक्यात काय भरलेलं असतं, ते फक्त हत्तीपुरतं नसतं.

नागपूरला कधी गेलात तर सीताबर्डीपासून जवळच महाराजबाग आहे. भोसले राजांची बाग, म्हणून महाराजबाग. इंग्रजांनी ती ताब्यात घेऊन वाढवली, पुढे तिथे प्राणिसंग्रहालय झालं आणि नंतर ते कृषी विद्यापीठाकडे आलं. राजाच्या बागेत पुन्हा जनावरं आली. त्यांना पिंजऱ्यावर पाटी असते, नोंदवहीत ओळ असते, आणि एखादा बिबट्या आजारी पडला तर पेपरात त्याच्या नावासकट बातमी येते. रविवारी पोरं आईबापांचा हात ओढत तिथे जातात. लाकडी बैलाची दोरी ओढत तान्हा पोळ्याला निघतात तीच पोरं.

त्या दोरीच्या टोकाला असलेल्या बैलाला नाव द्यायला मात्र त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.